करडीची नवरी

मुंबई, १२ जुलै २०२४

बाबा, जय भीम.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. त्यातली तीन पानं मला झापण्यात गेलीत आणि उरलेल्या पानावर पवनीत पाऊस किती झाला ते आहे. आयुष्यभर पोस्टात दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारले, त्याचा सूड आता माझ्यावर काढताय. कानाचं मशीन लावत नाही, फोनवर 'हॅलो हॅलो' करून ठेवून देता, आणि वर म्हणता की पोरगी बोलत नाही. बरं, लिहिते.

तुम्ही विचारलंत, "सिनेमाची समीक्षक व्हायले गेली अन् विमानतळावर कोण्या हिरोइननं कोणता पायजामा घातला ते कायले लिहून राहिली?" बाबा, आमच्या पोर्टलवर तेच वाचतात. सकाळी आठला मी ऑफिसात असते. दुपारपर्यंत चार बातम्या: कोणाचं फाटलं, कोणाचं जुळलं, कोण किती जाड झालं. शुक्रवारचं परीक्षण तृप्ती मॅडमकडे आहे, आमच्या संपादक. तिथं तारे आधी ठरतात आणि सिनेमा नंतर बघतात. कधी कधी बघतही नाहीत.

मला तो शुक्रवार पाहिजे. सात वर्षं झाली, दुसरं काही मागितलं नाही. लहानपणी तुम्ही सायकलवर डबलसीट सिनेमाला न्यायचे आणि परत येताना एकच प्रश्न विचारायचे, "खोटं कुठं होतं सांग." मी कॅरिअरवर बसून सांगायची. अजूनही प्रत्येक सिनेमा तसाच बघते. फक्त विचारणारं कोणी नाही इथं.

औषध घेत जा. खोटं सांगू नका की घेतलं म्हणून.

हर्षा


पवनी, २३ जुलै २०२४

हर्षा पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना राग आला नाही, म्हणून उत्तर लिहून राहिलो.

विचारणारं कोणी नाही म्हणतेस, तर मी विचारतो ना. पायजाम्याच्या बातमीत खोटं कुठं होतं? मले तर सगळीच खोटी वाटली. ती बाई विमानात बसली अन् उतरली, यात बातमी काय आहे वं? आमची एसटी भंडाऱ्याले रोज जाते अन् रोज येते, त्याची बातमी काहून नाही करत?

पण तुले शुक्रवार भेटला पाहिजे. मी पोस्टातल्या रिटायर लोकांत सांगून ठेवलं आहे का माझी पोरगी एक दिवस असं लिहीन का मोठमोठे हिरो घाबरतील. ते हसते. हसू दे.

धानाची रोवणी झाली. नदी भरून वाहून राहिली. वैजेश्वर घाटावर पोट्टे उड्या मारते अन् त्याईच्या माया काठावरून शिव्या देते, तेवढंच करमणुकीचं साधन आहे सध्या. दिवाळीनंतर नाटकं सुरू होतील. यंदा तू ये. मंडईच्या जत्रेले ये, एखादं नाटक पाहून जा. तुमच्या तीन ताऱ्यांच्या सिनेमापेक्षा बरं असते. मध्येच नटाले बक्षीस देणारा माणूस स्टेजवर चढते अन् मेलेला नट उठून नमस्कार करते, एवढं सोडलं तर.

औषध घेतो. आज घेतलं नाही, उद्या घेईन. हे खरं लिहिलं आहे.

बाबा


मुंबई, १९ ऑगस्ट २०२४

बाबा,

एक वाईट बातमी आणि एक काम. शुभांगी गजभिये गेली. आपल्या मोहाडी तालुक्यातल्या करडीची. सिरियलमध्ये मोठ्या वहिनीचं काम करायची ती. तुम्हाला आठवत असेल, आधी आपल्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकात होती. कावीळ झाली. शूटिंग थांबलं नाही आणि तिनंही थांबवलं नाही. मागच्या आठवड्यात दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. खोलीतल्या मैत्रिणीनं सांगितलं की शेवटी जवळ कोणी नव्हतं.

आमच्याकडे दोन ओळींची बातमी लागली. आता तृप्ती मॅडमला मोठा लेख पाहिजे, महिना होईल तेव्हा लावायला. "तुझ्याच जिल्ह्यातली ना? घरचे फोन उचलत नाहीत. तू काढ काहीतरी. जमलं तर शुक्रवारचं आपण बोलू," असं म्हणाल्या. बाबा, हे त्या कोणाला म्हणत नाहीत.

तुम्ही करडीला जाऊन याल का? आपल्याच समाजाचे लोक आहेत, तुम्ही गेलात तर बसवतील. तिचा जुना एखादा फोटो मागा, सिरियलच्या आधीचा. मला तिच्यावर खरंच चांगलं लिहायचं आहे. तिनं काम काय केलं ते कोणी लिहिलंच नाही.

तुमचा त्रास कळतो. तरी जा.

हर्षा


पवनी, २८ ऑगस्ट २०२४

हर्षा पोरी,

करडीले जाऊन आलो. भंडाऱ्याले गाडी बदलावी लागली, कमर धरली, पण ते सोड.

शुभांगीचं घर मोहल्ल्याच्या टोकाले आहे. माय शकुबाई एकटीच. बाप पोरगी लहान असतानाच गेला. मी गेलो तं तिनं बसायले सातरी टाकली, पाणी देलं अन् सूप घेऊन तांदूळ निवडाले बसली. मले आधी वाटलं का आपण आलो ते चुकलंच. मंग मी सांगितलं, पवनीचा केशव रामटेके, माझी पोरगी मुंबईत सिनेमावर लिहिते, तिले तुमच्या शुभांगीवर लिहायचं आहे. तिनं लगेच विचारलं, "चांगलं लिहीन ना जी?" मी म्हटलं, हाव, चांगलंच लिहीन. माझ्या भरवशावर म्हटलं.

मंग ती रडली. म्हणे, "आजूबाजूले सगळे होते म्हणते, पण माही पोरगी मेली तवा एकटी होती. मले हेच समजत नाही का ती एकटी काहून होती."

फोटो तिनं पेटीतून काढला. सोबत पाठवून राहिलो. पाहशीलच, तिच्या डोक्याले बाशिंग आहे, बाजूले नवरदेव आहे. हे करडीच्याच नाटकातलं आहे, पाच-सहा वर्षांमागचं. गावच्या मंडळानं नाटक बसवलं होतं अन् नवरी म्हणून शुभांगीले घेतलं होतं. नवरदेव झाला तो प्रविण, गावातल्याच कुणब्याचा पोरगा, शाळेत मास्तर आहे. मागं रंगवलेला पडदा आहे, राजवाड्याचा, त्याचा एक खांब फाटला आहे. शकुबाईले विचारलं, दुसरा फोटो नाही काय? ती म्हणे, आहे, पण पोरगी नवरी झालेली एवढीच पाहाले भेटली, हाच लागू द्या.

मी तिले शब्द देला आहे. बाकी तुले सांगायची गरज नाही.

बाबा


मुंबई, १९ सप्टेंबर २०२४

बाबा,

उशीर झाला, माफ करा. फोटो मिळाला. लेख सोमवारी लागला. खूप वाचला लोकांनी, इतका की ऑफिसात केक कापला. लाज वाटली मला त्या केकची, पण खाल्ला.

आणि ऐका. शुक्रवार मिळाला. पुढच्या महिन्यापासून परीक्षण मी लिहिणार, नावासकट. पोस्टातल्या रिटायर लोकांना सांगा.

लेख मोबाइलवर वाचायच्या फंदात पडू नका, तुमच्या डोळ्यांना त्रास होईल. मथळे संपादनाचं डेस्क करतं, त्यात माझा हात नसतो, एवढं फक्त सांगून ठेवते. आत मी तिच्या कामाबद्दल चांगलं लिहिलं आहे, नाटकातल्या दिवसांबद्दलही. शकुबाईंना माझा नमस्कार कळवा.

पहिला सिनेमा कोणता येतो ते बघायचं आता.

हर्षा


पवनी, २७ सप्टेंबर २०२४

हर्षा,

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी प्रविण माझ्या दारात आला होता. करडीहून पवनी, मोटरसायकलवर, पाण्यात ओला होऊन. मी त्याले ओळखलं नाही. त्यानं मोबाइल माझ्या हातात देला अन् म्हणे, "काका, वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. 'वहिनी फेम अभिनेत्रीचं गुपचूप लग्न? मृत्यूआधीचा तो फोटो आला समोर!' खाली फोटो. शुभांगी, प्रविण, बाशिंग. अन् खाली तुझं नाव, हर्षा रामटेके, माझं आडनाव.

आत तू लिहिलं आहेस, 'हा तरुण कोण, याबाबत कुटुंबानं मौन बाळगलं आहे.' कुटुंबानं मौन बाळगलं? मी स्वतः तुले त्याचं नाव, गाव, नोकरी सगळं लिहून पाठवलं होतं! त्याच पाकिटात होतं ना ते पत्र?

अन् बाप्पा, अक्कल कुठं गहाण टाकली? आपल्यात बाशिंग बांधते काय? आपल्या पोरीचं लग्न पांढऱ्या साडीत होते, बुद्धासमोर, बाबासाहेबांसमोर. हे मुंबईतल्या बाईले समजणार नाही, पण तू तर विहारात लग्नं पाहून मोठी झाली. झाडीपट्टीची पोरगी तू, तुले नाटकातली नवरी ओळखू आली नाही?

प्रविणची बायको अंजू पोटुशी आहे, आठवा सरत आला. ती सानगडीची, भावासंगं माहेरी निघून गेली. भाऊ म्हणे, हे लपवूनच आमची बहीण केली. प्रविणनं पाय धरले, नाटक होतं म्हणून सांगितलं. तो म्हणे, नाटक होतं तर पेपरवाल्यांनी नाटक असं काहून नाही लिहिलं? शाळेत पोट्टे त्याच्या पाठीमागं सिरियलचं गाणं म्हणते. गावात दोन मोहल्ले एकमेकांशी बोलून नाही राहिले.

मले एकच पाहिजे. जिथं छापलं तिथंच छापून टाक का हा फोटो नाटकातला आहे. दोन ओळी. अंजूचा भाऊ म्हणते, तसं छापून आलं तर आम्ही बहिणीले वापस पाठवतो. मी प्रविणले सांगितलं, आठ दिवसांत होईल. पुन्हा शब्द देला.

बाबा


मुंबई, ८ ऑक्टोबर २०२४

बाबा,

रागावून घ्या, पण पूर्ण वाचा.

मथळा मी दिला नाही. 'मौन बाळगलं आहे' ही ओळ माझी नाही, डेस्कवर घातली गेली. लेखावर माझं नाव असतं म्हणून सगळं माझं नसतं. तुमचं पत्र पाकिटात होतं, हो, पण त्या दिवशी धावपळीत फोटो काढून घेतला आणि पत्र नंतर वाचलं. तोवर लेख गेला होता.

दुरुस्तीसाठी मी तृप्ती मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "आपण लग्न झालं असं म्हटलंच कुठं? प्रश्नचिन्ह आहे ना." मी म्हटलं, एका माणसाचा संसार मोडतोय. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती लावली की आपण चुकलो हे कबूल केलं. मग चूक कोणाची हे ठरवावं लागेल. ठरवायचं का?" आणि पहिल्या परीक्षणाचा मजकूर मागितला. मी परत जागेवर येऊन बसले.

बाबा, तुम्हाला वाटतं की मी इथं कोणीतरी आहे. मी इथं कोणी नाही. मी गेले तर माझ्या खुर्चीवर संध्याकाळी दुसरी पोरगी बसेल.

माझ्या सहीचं एक पत्र सोबत देते. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की फोटो नाटकातला आहे, लग्न वगैरे काही झालं नव्हतं, चूक आमची. अंजूच्या भावाला दाखवा. शकुबाईंना दाखवा. एवढंच माझ्या हातात आहे.

हर्षा


पवनी, ४ डिसेंबर २०२४

हर्षा,

दोन महिने लिहिलं नाही.

तुझं सहीचं पत्र घेऊन आधी सानगडीले गेलो. अंजूच्या भावानं वाचलं, उलटून पाह्यलं अन् मले म्हणे, "हे तर तुमच्या पोरीनं तुमच्यासाठी लिहून देलं. सगळ्या दुनियेनं मोबाइलवर वाचलं अन् आम्ही घरी बसून ही चिठ्ठी वाचायची काय?" अंजू दारामागं उभी होती. मी तिले म्हटलं, बाई, मी तुझ्या बापासारखा, खरं सांगतो. ती म्हणे, "छापून आणा." तिले पोरगी झाली दिवाळीत. प्रविणले पाहू देली नाही.

मंग करडीले गेलो. हे कसं लिहू समजत नाही.

शकुबाईच्या भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, अन् त्याच्या बाजूले तोच फोटो. तुमच्या लेखातला, मोबाइलवरून मोठा काढून, फ्रेम करून. मी म्हटलं, शकुबाई, हे खोटं छापलं आहे, माझ्या पोरीनं लिहून देलं आहे, वाचून दाखवतो. मी वाचलं. तिनं सगळं ऐकलं. मंग म्हणे, "नाटक तर होतंच जी. मी बी पुढच्या रांगेत होती. स्टेजवर लग्न लागलं तवा सगळ्यांनी तांदूळ टाकले, मी बी टाकले. पण आता समजलं ना का पोरीनं नाटकाच्या बहाण्यानं खरंच लावून घेतलं. जात वेगळी, मले सांगायची हिंमत नाही झाली तिची."

मी म्हटलं, नाही वं बाई, असं काही नाही. ती म्हणे, "तुमच्या पोरीले कोणी धाक देला असंल, म्हणून आता नाही म्हणते. पहिले जे छापलं तेच खरं."

ती प्रविणच्या घरी जाऊन आली, एकदा नाही, बरेचदा. त्याले जवाई म्हणते. दिवाळीले पोह्यांचा डबा घेऊन गेली. त्याच्या मायनं दार लावून घेतलं, तं डबा ओट्यावर ठेवून आली. पोरगा वेडा व्हायचा बाकी आहे.

यंदा करडीत नाटक झालं नाही. मंडळाचे पोट्टे म्हणते, कोणती बाई आता आमच्या गावात नवरी व्हायले येईन?

तुझं परीक्षण वाचलं. पोस्टातल्या माणसानं कागदावर काढून देलं. चांगलं लिहिते तू. हिरोनं मायच्या मरणावर खोटं रडू आणलं म्हणून तू त्याले सोलून काढलं. वाचताना मले पहिले बरं वाटलं अन् मंग तो कागद घडी करून ठेवून देला.

एकच विचारतो. मी पाठवलेल्या फोटोत मागं पडदा होता. राजवाडा होता, फाटका खांब होता. कोणीबी पाह्यलं असतं तं समजलं असतं का स्टेज आहे. तुमच्या फोटोत पडदा नाही. कडेनं कापला आहे. कापलं कोणी?

बाबा


मुंबई, १६ मार्च २०२५

बाबा,

मी कापलं.

तुमचं पत्र आधी वाचलं होतं. पाकीट फोडलं की मी आधी तुमचं पत्रच वाचते, तुम्हालाही माहीत आहे. फोटो मॅडमला दाखवला तर त्या म्हणाल्या, "हे काय, नाटकातलं दिसतंय. यात काय आहे?" आणि त्यांनी मान परत स्क्रीनकडे फिरवली. बाबा, मला शुक्रवार जाताना दिसला. मी जागेवर आले, पडदा कापला आणि परत नेऊन दाखवला. म्हटलं, आता बघा. 'मौन बाळगलं आहे' हेही मीच लिहिलं. मथळा तेवढा त्यांचा.

मला वाटलं होतं की दोन दिवस चालेल आणि विसरतील. सगळंच विसरतात इथं. करडीत कोणी वाचेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मीच करडीच्या बाजूची, आणि माझ्याच डोक्यात नाही आलं.

शुक्रवार गेला. जानेवारीत बंद केलं परीक्षण. म्हणे वाचत नाही कोणी. आता थिएटरबाहेर माइक धरायचा आणि लोकांना विचारायचं, "कसा वाटला?" ते ओरडतात, "पैसा वसूल!" मी माइक धरते. एवढ्यासाठी केलं मी ते.

दुरुस्तीसाठी पुन्हा विचारलं. आता घालवण्यासारखं काही नव्हतं म्हणून भांडलेसुद्धा. मॅडम म्हणाल्या, जुनं पान कोण उघडतं? पण उघडतात, बाबा. रोज कोणीतरी उघडतं. आकडा दिसतो मला.

मी करडीला येते. शकुबाईंच्या समोर बसून सांगते की मी कापलं. सानगडीला जाऊन अंजूच्या पाया पडते. तुम्ही फक्त कळवा, कधी येऊ. मला आता कशाचीही भीती नाही.

मी तीन महिने लिहिलं नाही. का ते तुम्हाला आता कळलं. तरी तुम्ही लिहा ना.

तुमची हर्षा


पवनी, २४ ऑगस्ट २०२५

हर्षा,

तुझं पत्र होळीपासून उशाशी ठेवून आहे. उत्तर देलं नाही कारण मले वाटे का तू न विचारता येशील. तू आली नाही. पुन्हा पत्र बी नाही लिहिलं. बरंच झालं म्हण, कारण आता मी लिहून राहिलो का येऊ नको.

शुभांगीचं वर्ष झालं. शकुबाईनं विहारात कार्यक्रम ठेवला अन् माणूस पाठवून मले बलावलं. मी ठरवून गेलो होतो का आज सगळ्यांसमोर उभं राहायचं अन् सांगायचं, माझ्या पोरीनं फोटो कापला, प्रविणचा काहीच दोष नाही. तुझं पत्र खिशात होतं, तेच वाचणार होतो. प्रविण आता गावात नाही. नोकरी सुटली, हैदराबादकडे कोण्या गोदामात आहे म्हणते. अंजूनं फारकतीचे कागद केले. त्याची पोरगी चालाले लागली असंल, त्यानं तिले अजून पाह्यलं नाही. त्याच्यासाठी तरी मले बोलायचं होतं.

वंदना झाली. लोक दोन शब्द बोलले. मंग शकुबाईनं मले हाताले धरून पुढं नेलं. लोकांना म्हणे, "हे केशवराव. यांच्या पोरीनं छापलं म्हणून मले समजलं का माही शुभांगी एकटी नव्हती. तिचा माणूस होता. मरताना तिच्या मनात कोणीतरी होतं. नाहीतर मी जन्मभर हेच म्हणत राह्यली असती का पोरगी एकटी मेली." अन् माझ्या पाया पडाले वाकली. माझ्यापेक्षा वयानं मोठी बाई.

मी उठवलं तिले. खिशात हात गेला होता माझा. पत्र बोटाले लागलं होतं. हर्षा, मी वाचलं नाही. वाचलं असतं तं तिची पोरगी पुन्हा मेली असती, अन् या टायमाले एकटी. नाही वाचलं तं प्रविण मेला. मी उभ्या उभ्या प्रविणले मारलं अन् जेवायले बसलो. पंगतीत त्याच्या मोहल्ल्यातलं कोणीच नव्हतं.

मी तुले विचारायचो ना, खोटं कुठं होतं. आता मी बी त्यात आहे. म्हणून तुले शिव्या द्यायचा हक्क मले राहिला नाही. मी विहारात जाणं सोडलं आहे.

निघताना शकुबाईनं एक साडी देली. म्हणे, लग्न जुळवणाऱ्याचा मान असते, माझ्याकून राहून गेला होता, तुमच्या हर्षाले द्या. तिनं धान विकून घेतली आहे, हिरवी, चांगल्या काठाची. मी नको म्हणू शकलो नाही. उद्या पार्सल करतो. पोहोचली का कळवजो, ती विचारीन.

बाबा